आधी बसू द्या, मग गाळा

१. फिल्टर खोटा की पाणी खोटं?

जुलै-ऑगस्टात नगर जिल्ह्यातल्या कितीतरी घरांतून एकच तक्रार ऐकू येते. आरओचा बाहेरचा पांढरा फिल्टर सहा महिने जाईल असं सांगितलं होतं, तो महिन्याभरातच मातीच्या रंगाचा झाला. नवा घातला, तोही तसाच. मग प्रश्न येतो, फिल्टर खोटा की आमचं पाणीच खोटं?

बहुतेक वेळा दोन्हींत खोट नसते. फिल्टरवर ज्या कामाची जबाबदारी टाकली जाते ते त्याचं कामच नसतं. एक साधा हिशेब मांडू. समजा, एका लिटर पाण्यात २०० मिलिग्रॅम गाळ आहे. ही माती चिमूटभरही भरणार नाही. घरात पिण्यासाठी रोज वीस लिटर पाणी लागतं आणि ते मिळवताना आरओ जवळपास ८० लिटर पाणी ओढून घेतो, कारण बाकीचं तो सोडून देतो. ८० लिटरला २०० मिलिग्रॅमप्रमाणे रोजचा गाळ झाला १६ ग्रॅम. महिन्याचा जवळजवळ अर्धा किलो. आणि ज्या कार्ट्रिजने हा अर्धा किलो पोटात ठेवायचा, त्याचं स्वतःचं वजन असतं शंभर-सव्वाशे ग्रॅम. ते तुंबलं नाही तरच नवल.

या प्रकरणात मला जे सांगायचं आहे ते या हिशेबातूनच निघतं. घरच्या पाण्यातला बराचसा गाळ फिल्टरपर्यंत पोहोचूच द्यायचा नसतो. तो खाली बसवण्याचं काम टाकी आणि वेळ हे दोघे मिळून फुकटात करतात. फिल्टरच्या वाट्याला फक्त उरलंसुरलं यायला हवं.

२. एवढा गाळ येतो कुठून?

जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुका आहे. हरिश्चंद्रगड, रतनगड, कळसूबाईच्या त्या रांगांत पाऊस धो धो कोसळतो, आणि तिथूनच प्रवरा आणि मुळा निघतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला उघड्या उतारांवरची माती या पाण्याबरोबर वाहून येते. प्रवरेवर १९२६ साली पुरं झालेलं भंडारदऱ्याचं धरण आहे, मुळेवर राहुरीजवळ २६ टीएमसीचं मुळा धरण. धरणाच्या पाण्यात शिरताच नदीचा वेग मोडतो आणि जाड वाळू, रेती तिथेच खाली बसते. धरण ही एका अर्थी गाळ बसवण्याची प्रचंड टाकीच आहे. म्हणून तर धरणं आणि तलाव गाळाने भरत जातात, आणि ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ अशी योजना राज्याला आखावी लागली. नळातून आलेला जो गाळ आपल्याला नकोसा वाटतो, तोच उन्हाळ्यात ट्रॅक्टरने वाहून शेतकरी आपल्या हलक्या रानात पसरतात.

पण सगळा गाळ धरणात बसत नाही. काळ्या मातीतला चिकणमातीचा भाग इतका बारीक असतो की तो पाण्याबरोबर पुढे निघतो. त्यात कालव्याचं आवर्तन सुटलं की कोरड्या पडलेल्या कालव्यातली माती पहिल्या पाण्यात मिसळते. कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर या भागात कालव्याचं पाणी साठवण तलावात घेऊन मग ते गावाला पुरवतात. त्या तलावांत पाण्याला थोडी विश्रांती मिळते, हे बरंच आहे. नगर शहराचं पाणी मुळानगरहून विळदला येतं, तिथे शुद्ध होतं आणि वसंत टेकडीच्या टाक्यांतून शहरात उतरतं.

शुद्धीकरण केंद्रातून निघालेलं पाणी स्वच्छ असूनही घरच्या नळाला गढूळ येऊ शकतं. आपल्याकडे पाणी एक दिवसाआड, काही ठिकाणी त्याहूनही जास्त खंडाने येतं. मधल्या काळात जलवाहिनी रिकामी पडते. नळ सुटला की आत शिरणारं पाणी तळाशी बसलेला गाळ आणि जुन्या लोखंडी पाइपांचा गंज ढवळून काढतं. कुठे गळती असेल, तर रिकाम्या पाइपात बाहेरचं घाण पाणीही ओढलं जातं. म्हणून पाणी आल्यावरची पहिली काही मिनिटं ते टाकीत न घेता बादलीत घ्यावं. झाडांना, फरशीला ते चालतं.

हिवरे बाजारच्या डोंगरउतारावर खोदलेले सलग समतल चर पाहिले, तर गाळाचा खरा बंदोबस्त कुठे होतो हे दिसतं. पाणी उतारावरच अडलं की मातीही तिथेच थांबते. उरलेलं पाणी जमिनीत मुरतं आणि विहिरीला येईपर्यंत मुरमाच्या, मातीच्या थरांतून गाळून निघतं. निजामशाहीत नगर शहराला पाणी यायचं ते आसपासच्या विहिरींतून खापरी नळांनी आणलेलं, म्हणजे जमिनीने आधीच गाळलेलं.

३. बाटलीची परीक्षा

फिल्टर विकत घेण्याआधी एक लिटरची पारदर्शक बाटली घ्या. पाणी आल्याबरोबर ती नळावर भरा, झाकण लावून हलवा आणि खिडकीत ठेवून द्या. पुढच्या दिवसभरात ती तुम्हाला तुमच्या पाण्याबद्दल बरंच काही सांगेल.

भरताक्षणी पाणी दुधासारखं पांढरं दिसलं आणि दोन-चार मिनिटांत खालून वर निवळत गेलं, तर त्यात गाळ नाहीच. ते हवेचे बुडबुडे आहेत. रिकाम्या पाइपातली हवा दाबाखाली पाण्यात मिसळलेली असते, ती बाहेर पडते इतकंच. या पाण्याला फिल्टरची गरज नाही.

तळाशी अर्ध्या मिनिटात कण जमले तर ती वाळू किंवा मुरमाची भुकटी. तासाभरात पातळ थर जमला तर ती पोयटा माती. दुसऱ्या दिवशीही पाणी चहाच्या रंगाचं किंवा धुरकट राहिलं, तर ती चिकणमाती. हा तिसरा प्रकार सगळ्यात चिवट, त्यावर पुढे बोलू. पाणी भरताना स्वच्छ होतं आणि काही तासांनी पिवळट-तांबूस झालं, तर त्यात विरघळलेलं लोह आहे. हवा लागली की त्याचा गंज होतो आणि मग तो गाळासारखा दिसू लागतो.

आणि बाटलीतलं पाणी शेवटपर्यंत स्वच्छ राहिलं, पण घरातल्या पातेल्याच्या तळाला, गिझरच्या कॉइलला पांढरी खपली धरत असेल, तर ते क्षाराचं पाणी आहे. बोअरच्या पाण्याची ही आपल्याकडची नेहमीची कहाणी. क्षार विरघळलेले असतात, त्यांना गाळाचा कोणताही फिल्टर अडवत नाही. या एका गैरसमजापायी लोकांचे खूप पैसे वाया जातात म्हणून हे ठासून सांगतो.

४. कण खाली जायला किती वेळ लागतो?

मातीचा कण पाण्यात खाली जातो तो स्वतःच्या वजनाने, आणि पाणी त्याला घासून अडवतं. कण जितका लहान, तितकी ही अडवणूक वजनाच्या मानाने भारी पडते. याचा नियम आयरिश शास्त्रज्ञ जॉर्ज स्टोक्स याने १८५१ मध्ये मांडला. त्यातली आपल्याला लागणारी गोष्ट एवढीच, की कण दहापट बारीक झाला तर त्याला बसायला शंभरपट वेळ लागतो.

बारीक मापासाठी मायक्रॉन हे एकक वापरतात. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो. आता बाटलीत २० सेंटिमीटर पाणी आहे असं धरू. शंभर मायक्रॉनचा वाळूचा कण तळाला जायला पंचवीसएक सेकंद घेतो. दहा मायक्रॉनच्या पोयट्याच्या कणाला याच्या शंभरपट वेळ लागतो, म्हणजे अर्धा-पाऊण तास. आणि एक मायक्रॉनच्या चिकणमातीला आणखी शंभरपट, म्हणजे दोन-तीन दिवस, तेही पाणी अजिबात हललं नाही तर.

हाच हिशेब गच्चीवरच्या एक मीटर खोल टाकीला लावून पाहा. पाच मायक्रॉनच्या कणाला एक मीटर खाली जायला अकरा-बारा तास लागतात. रात्री आठला भरलेली टाकी सकाळी आठपर्यंत शांत राहिली, तर पाच मायक्रॉनहून मोठे कण जवळजवळ सगळे तळाशी गेलेले असतात. आरओच्या आधी लावतात ते कार्ट्रिजही बहुधा पाच मायक्रॉनचंच असतं. जे काम त्याने करायचं, त्यातलं बरंचसं टाकीने रात्रीत केलेलं असतं.

पण हे कागदावरचं झालं. प्रत्यक्षात टाकी शांत नसते. वरून पाण्याची धार पडते आणि बसलेला गाळ पुन्हा उधळते. दिवसा टाकी तापते आणि आत पाण्याचे प्रवाह फिरू लागतात. म्हणून तीन गोष्टी प्लंबरकडून करून घ्याव्यात. आत येणाऱ्या पाइपाला एल्बो लावून धार टाकीच्या भिंतीकडे वळवावी. बाहेर जाणारा पाइप तळाला टेकून न काढता चार बोटं वर काढावा. आणि तळाच्या सगळ्यात खोल जागी गाळ सोडायचा स्वतंत्र कॉक ठेवावा. जागा आणि ऐपत असेल तर दोन टाक्या ठेवाव्यात, एक भरायची, एक वापरायची. खाली हौद आणि वर टाकी असणाऱ्यांकडे ही सोय आयतीच असते. फक्त हौदातली मोटर तळाशी टेकवून ठेवू नये.

५. जे बसतच नाही त्याचं काय?

चिकणमातीचे कण केवळ बारीक असतात असं नाही. त्यांच्या अंगावर ऋण विद्युतभार असतो, आणि सारखा भार असलेले कण एकमेकांना दूर लोटतात. ते जवळ येत नाहीत, मोठे होत नाहीत, म्हणून बसत नाहीत. तुरटीचा खडा फिरवल्यावर पाणी निवळतं ते यामुळेच. तुरटीतलं ॲल्युमिनियम धन भाराचं असतं, ते कणांचा भार मारतं आणि पाण्यात कापसासारखे हलके पुंजके तयार करतं. हे पुंजके तरंगताना आणखी कण पोटात घेतात, जड होतात आणि तळाला जातात.

वीस लिटरच्या भांड्याला अर्धा ते एक ग्रॅम तुरटी पुरते. ती थोड्या पाण्यात विरघळवून घालावी, अर्धा मिनिट जोरात ढवळावं, मग चार-पाच मिनिटं अगदी हळू. हळू ढवळणं फार महत्त्वाचं आहे, कारण त्यातच पुंजके वाढतात. जोरात ढवळत राहिलात तर झालेले पुंजके मोडतात. नंतर दोन तास भांड्याला हात लावू नये, आणि वरचं पाणी अलगद ओतून घ्यावं. तुरटी जास्त घातली की पाणी तुरट लागतं आणि उलट पुन्हा गढूळ राहू शकतं. तेव्हा कमीपासून सुरुवात करावी. शुद्धीकरण केंद्रात मोठ्या प्रमाणावर चालतं ते हेच काम. आधी तुरटी किंवा तत्सम द्रव्य, मग ढवळणं, मग बसवणं, आणि शेवटी वाळूचा थर.

आपल्याकडे निवळीच्या बिया उगाळून पाण्यात घालायची पद्धत फार जुनी आहे. संस्कृतात या झाडाला कतक म्हणतात आणि त्याच्या फळाने पाणी निवळतं हा उल्लेख मनुस्मृतीतही येतो. शेवग्याच्या वाळलेल्या बियांची पूडही हेच काम करते, तिच्यातली प्रथिनं धन भाराची असतात. अडचण एवढीच, की बियांचा बाकीचा अंश पाण्यात राहतो आणि पाणी साठवलं तर त्याला वास येतो. तेव्हा ते पाणी त्याच दिवशी संपवावं.

६. फिल्टर गाळ कसा अडवतो

अडवण्याच्या दोन तऱ्हा आहेत. जाळीचा फिल्टर भोकापेक्षा मोठं जे असेल ते पृष्ठभागावर धरतो, बाकी सोडतो. तो काढून ब्रशने धुतला की पुन्हा नवा. दोऱ्याचा किंवा पांढऱ्या स्पन धाग्याचा फिल्टर मात्र खोलीत काम करतो. बांधावरच्या बाभळीच्या कुंपणात वाऱ्याने उडालेले कागद अडकतात ते पाहा. फटी कागदापेक्षा मोठ्या असतात, पण वाटेत इतके काटे आडवे येतात की कागद कुठेतरी अडकतोच. स्पन कार्ट्रिज बाहेरून सैल आणि आत घट्ट विणीचं असतं, त्यामुळे जाड कण बाहेरच्या थरात राहतात, बारीक कण आत जाऊन अडकतात. आत अडकलेला गाळ वरून धुऊन निघत नाही, म्हणूनच हे कार्ट्रिज धुऊन पुन्हा वापरण्यात अर्थ नाही. ते बदलायचंच असतं.

वेष्टनावर पाच मायक्रॉन लिहिलेलं असलं तरी पाचापेक्षा मोठा एकही कण सुटणार नाही असं समजू नये. साध्या कार्ट्रिजवरचा आकडा हा त्या मापाचे बहुतांश कण अडवण्याचा असतो. आणखी एक चूक सर्रास होते. गढूळ पाण्याला पाचाऐवजी एक मायक्रॉनचं कार्ट्रिज लावलं जातं, कारण बारीक तेवढं चांगलं असं वाटतं. ते आठवड्याभरात तुंबतं. गाळ जास्त असेल तिथे आधी जाड, मग मध्यम, मग बारीक हाच क्रम हवा.

कापडाला कमी लेखू नये. बांगलादेशात शास्त्रज्ञ रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनी साडी अनेकपदरी करून पाणी गाळायला लावलं. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या सूक्ष्म प्राण्यांना चिकटून राहतात, आणि हे प्राणी कापडात अडकतात. त्या गावांत कॉलरा जवळजवळ निम्म्याने कमी झाला, हे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साडीचे धागे फुगतात आणि मधल्या फटी बारीक होतात, त्यामुळे नव्यापेक्षा जुनी साडी बरी. नळाला बांधलेलं फडकं मात्र रोज धुऊन उन्हात वाळवलं पाहिजे, नाहीतर तेच घाणीचं घर होतं.

७. ठिबकवाल्या शेतकऱ्याला हे आधीच माहीत आहे

नगर जिल्ह्यात डाळिंब, ऊस, भाजीपाला ठिबकवर घेणारा शेतकरी फिल्टरचं शास्त्र रोज जगतो. ड्रिपरचं छिद्र बुजलं की झाड वाळतं, म्हणून तो हलगर्जीपणा करत नाही. बोअरमधून वाळू येत असेल तर तो आधी हायड्रोसायक्लोन लावतो, त्यात पाणी गरगर फिरून वाळू कडेने खाली जाते. शेततळ्याचं, कालव्याचं पाणी असेल तर आधी वाळूचा फिल्टर. त्यानंतर जाळीचा किंवा चकत्यांचा फिल्टर, बहुधा १२० मेशचा, म्हणजे सुमारे १३० मायक्रॉनचा. फिल्टरच्या अलीकडे आणि पलीकडे दोन दाबमापकं असतात. दोन्हींतला फरक वाढला की फिल्टर भरला, मग पाणी उलटं सोडून तो धुवायचा.

मला फार वाटतं की हीच शिस्त त्या शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरातही यावी. रानात पन्नास हजारांच्या पिकासाठी जे करतो ते पोराबाळांच्या पिण्याच्या पाण्यासाठी करायला खर्च त्या मानाने फारच थोडा येतो. टाकीकडून येणाऱ्या मुख्य पाइपावर धुता येणारा जाळीचा फिल्टर, पिण्याच्या पाण्याच्या वाटेवर पाच मायक्रॉनचं कार्ट्रिज, इतकं बहुतेक घरांना पुरतं.

दाबाचा विचार मात्र घरात जास्त करावा लागतो. दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ म्हणजे साधारण एक किलो दाब. गच्चीवरची टाकी नळापासून तीन मीटर वर असेल तर नळाला मिळतो फक्त ०.३ किलो. रानातल्या मोटरच्या दाबावर फिल्टर धडाक्यात चालतो, तोच या दाबावर थेंब थेंब पाणी देतो. त्यामुळे सगळ्या घराच्या पाइपावर पाच मायक्रॉनचं लहान कार्ट्रिज लावू नये. लावायचंच असेल तर वीस इंची जाड कार्ट्रिज घ्यावं, पृष्ठभाग जास्त असल्याने पाण्याला वाट जास्त मिळते.

८. बोअरमधून गाळ येतो तेव्हा

बोअरच्या गाळावर फिल्टर लावण्याआधी गाळ कधी येतो ते पाहा. मोटर सुरू केल्यावर फक्त पहिली दोन मिनिटं पाणी गढूळ येत असेल, तर ती पाइपात साचलेली माती आणि गंज आहे, तेवढं पाणी बाहेर सोडा. एप्रिल-मेमध्ये येत असेल, तर पाण्याची पातळी खाली गेली आहे आणि मोटर तळाजवळचं पाणी ओढते आहे. अशा वेळी कमी वेळ उपसा करावा, आणि मोटर तळाला टेकलेली असेल तर थोडी वर घ्यावी. मोठा पाऊस झाल्यावर दुसऱ्या दिवशी गढूळ येत असेल, तर ही गोष्ट गंभीर आहे. आपल्याकडे वर माती आणि मुरूम, खाली काळा बेसॉल्ट. केसिंग पाइप पक्क्या खडकात नीट बसलेला नसेल, तर वरचं पावसाचं पाणी त्याच्या कडेने थेट बोअरमध्ये उतरतं, आणि मातीबरोबर गोठ्यातलं, शोषखड्ड्यातलंही आणतं. इथे फिल्टर माती अडवेल पण धोका जाणार नाही. केसिंगच दुरुस्त करावं लागेल.

९. गाळ गेला, मग पाणी पिण्याजोगं झालं का?

पाण्याचा गढूळपणा एनटीयू या एककात मोजतात. आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात तो १ एनटीयूपर्यंत असावा, दुसरं पाणीच नसेल तर ५ पर्यंत चालवून घ्यावा. हा आग्रह केवळ दिसण्यासाठी नाही. गढूळ पाण्यात क्लोरीन टाकलं तर त्यातलं बरंचसं मातीतल्या सेंद्रिय अंशावरच खर्च होतं, आणि कणांच्या आड लपलेले जंतू वाचतात. म्हणून ग्रामपंचायतीने टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलं तरी पाणी गढूळ असेल तर भरवसा ठेवू नये. क्रम असा, आधी गाळ बसवा, मग गाळा, मग उकळा किंवा क्लोरीनचे थेंब टाका. पाच मायक्रॉनच्या कार्ट्रिजमधून एक मायक्रॉनचे जिवाणू आरामात जातात, हे लक्षात असू द्यावं.

कार्ट्रिज बसवताना त्याच्या वाटीवर मार्करने तारीख लिहून ठेवा. वाटीच्या तोंडाशी असलेली रबरी रिंग पुसून, जागेवर नीट बसवून मगच वाटी आवळा, गळती बहुधा तिथूनच होते. टाकी वर्षातून दोनदा धुवावी, एकदा मृगाच्या आधी आणि एकदा दिवाळीच्या सुमारास पावसाचं पाणी निवळल्यावर. कँडलचा फिल्टर वापरत असाल, तर त्यातली मातीची कँडल मऊ ब्रशने नुसत्या पाण्याखाली घासावी, साबण लावू नये, कारण तो तिच्या छिद्रांत राहतो आणि पुढे कित्येक दिवस पाण्याला चव देत राहतो.